पहिला घास कोण भरवणार?

सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. सहा महिने म्हणजेही जवळजवळ तेवढेच. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवड्यांवर गेली आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून ती लागू झाली. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग त्याच्या जोडीला वरचं अन्न, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आणि ही रजा यांचा हिशेब कागदावर चोख जुळतो. घरात तो जुळत नाही. रजेतले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. त्यातले चारच जरी आधी खर्ची पडले, तरी बाळ पाच महिन्यांचं होतं न होतं तोच आईला हजर व्हावं लागतं. आणि जिची रजा पुरी सहा महिने टिकते, तिच्या घरी बाळाचा पहिला घास आणि आईची पहिली लोकल एकाच आठवड्यात येतात.

नवी मुंबईत हा आठवडा किती घरांत येतो, ते सकाळच्या रस्त्यांवर दिसतं. नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या सेक्टरांमध्ये सव्वासातपासून पाळणाघरांच्या दारात लगबग सुरू होते. एका खांद्याला लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या खांद्याला बाळाची पिशवी. पिशवीत दुपटी, लंगोट, कपड्यांचे दोन जोड, झाकणाची वाटी आणि वेळेची चिठ्ठी चिकटवलेले दोन डबे, एक अकराचा, एक दोनचा. ताई डबे घेतात, काल किती पोटात गेलं ते सांगतात. आई दोन मिनिटं रेंगाळते आणि निघते. पनवेलहून सीएसएमटीला पोचायला लोकलला सव्वा तास तरी लागतो. त्यात घरापासून स्टेशन आणि तिकडे स्टेशनपासून ऑफिस धरा, म्हणजे दिवसातले दहा-अकरा तास बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने जेवणार हे ठरलेलंच.

बाळाच्या पहिल्या अन्नाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं बहुतेक वाटीबद्दल आहे: वाटीत काय असावं, किती पातळ असावं, तूप किती घालावं. या शहरातली घरं, पाळणाघरं आणि अंगणवाड्या पाहताना माझं मत पक्कं होत गेलं की वाटीचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. अडलंय ते हातापाशी. भरवणारा हात कोणाचा आणि त्या हाताला वेळ किती? सात महिन्यांच्या मुलाला अर्धी वाटी मऊ भात खायला अर्धा तास लागतो. पहिला चमचा ते जिभेने बाहेर ढकलतं, कारण तोवर त्याच्या जिभेला फक्त चोखणं ठाऊक असतं. दुसरा चमचा हनुवटीवर येतो, तो निपटून पुन्हा तोंडात द्यावा लागतो. मधेच त्याला कावळा दाखवावा लागतो. नवी चव मुलाने स्वीकारावी म्हणून आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती न रागावता पुढे करावी लागते. दिवसातून असं दोन-तीनदा. हा वेळ कुठल्याही यंत्राने वाचत नाही.

या शहराची आखणी करताना माणसाचा वेळ वाचावा हाच हेतू होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. घराजवळ काम असावं, शाळा-बाजार-बाग चालत जाण्याच्या अंतरावर असावी, अशी ती कल्पना होती. शाळा, बाजार, बागा खरोखरच जवळ आल्या. नोकऱ्याही आल्या, महापे, ऐरोली, तुर्भे इथे त्या हजारोंनी आहेत. पण नवरा ऐरोलीत आणि बायको फोर्टात, किंवा ती महाप्यात आणि तो अंधेरीत, अशीच जोडपी जास्त भेटतात. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये आणि पुढे आलेल्या वन बीएचकेत आजी-आजोबांची कायमची खोली कुणाच्याच हिशेबात नव्हती. वाशी, कोपरखैरणे, घणसोलीत घर घेणारी पहिली पिढी सातारा-सांगलीहून, कोकणातून, खानदेशातून, परळ-लालबागमधून आली. आजी मागे, गावी राहिली.

म्हणून आजी पाळीने येते. बाळंतपणात आईची आई, सहाव्या महिन्यानंतर सासूबाई, मग परत आई. तिच्या मागे शेत असतं, म्हैस असते, आजोबांची औषधं असतात, दुसऱ्या लेकाची मुलं असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर बाळाबरोबर एकटी असते. सानपाड्याच्या, नेरूळच्या बागांत संध्याकाळी बाकांवर बसलेल्या आज्यांचं बोलणं ऐकावं. “तुमचा काय खातो?” इथून ओळख सुरू होते आणि गावापर्यंत पोचते. त्यांच्या सुनांना आणि लेकींना त्यांची सर्वांत मोठी अडचण वाटते ती ‘त्यांचं जुनं’. चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी, पाचव्यात गाईचं दूध, बाळगुटी, मधाचं बोट. डॉक्टर नको म्हणतात, आजी म्हणते, आम्ही वाढवली ना मुलं!

इथे आजीची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण ती सहसा कुणी मांडत नाही. ज्या आज्या आज साठीच्या आहेत, त्यांची मुलं १९८०-९० च्या दशकांत झाली. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचं अन्न सुरू करावं असा होता. सहा महिन्यांची रेषा २००१ साली पक्की झाली. आपल्या कायद्यातही हा बदल नोंदलेला आहे. बाळाच्या दुधाच्या पर्यायांवर नियंत्रण आणणारा कायदा १९९२ मध्ये झाला, तेव्हा त्यात शिशुआहाराची व्याख्या चार महिन्यांनंतरचं पूरक अन्न अशी होती. २००३ च्या दुरुस्तीने तिथे सहा महिने आले. म्हणजे चौथ्या महिन्यात चमचा पुढे करणारी आजी अडाणी नाही. तिच्या तरुणपणी दवाखान्यात जे सांगितलं गेलं, ते ती मनापासून पाळते आहे. सल्ला का बदलला हे तिला कुणी समजावून सांगितलं तर ती ऐकते, असा माझा अनुभव आहे. समजावून सांगायला मात्र डॉक्टरांच्या रांगेत वेळ नसतो आणि सुनेच्या आवाजात संयम उरलेला नसतो.

सल्ला बदलला त्याचं कारण असं. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधातून सगळं मिळतं, पाणीसुद्धा. नव्या मुंबईच्या मे महिन्यातही अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही. सहा महिन्यांआधी दिलेल्या प्रत्येक चमच्याबरोबर जंतू आत जाण्याची वाट उघडते आणि तेवढं दूध कमी प्यायलं जातं. सहाव्या महिन्याच्या सुमारास दोन गोष्टी घडतात. जन्माआधी बाळाने आईकडून घेतलेला लोहाचा साठा संपत येतो, आणि वाढीला लागणारी ऊर्जा नुसत्या दुधातून पुरी पडेनाशी होते. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी मिळाव्या लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. पोट मात्र इवलंसं असतं. म्हणून अन्न घट्ट हवं. चमचा तिरका केला तर ओघळून जाणार नाही इतकं घट्ट. वरणाच्या पाण्याबद्दलची तक्रार एवढीच आहे. त्याने पोट भरतं, पोषण होत नाही. डाळ तळाशी राहते आणि वरचं पाणी बाळाला मिळतं. तेच वरण घोटून, मऊ भातात कालवून, वर चमचाभर तूप घातलं की चांगलं जेवण होतं.

उष्टावणाच्या विधीत हे शहाणपण आधीपासून आहे. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, मामाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीतली खीर. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळं चाखवावीत आणि अन्नप्राशन दहाव्या महिन्यात करावं असं सांगितलं आहे, सुश्रुतांनी सहाव्या महिन्यापासून हलकं अन्न सांगितलं आहे. नव्या मुंबईत आता हा सोहळा सोसायटीच्या सभागृहात होतो, फुग्यांची कमान लागते, मामा पुण्याहून येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच वाटतं की मुलीसाठी पाचवा महिना धरण्यापेक्षा सातवा धरावा, आणि खिरीत साखर नसली तरी देव रागावत नाही. वर्षाच्या आत साखर आणि मीठ वेगळं घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आता नाचणीबद्दल सविस्तर, कारण ती आपली आहे आणि या वयाला ती फार उपयोगी पडते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही नाहीत. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळतात. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. त्यामुळे अशा पिठाची खीर शिजवताना घट्ट गोळा होत नाही, पातळ राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला ते गिळताही येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोड आलेल्या धान्याच्या पिठावर संशोधन केलं. साध्या घट्ट खिरीत या पिठाचा चमचाभर घातला तरी ती सैल होते, हे त्यांनी दाखवून दिलं. दुसरी पद्धत सत्त्वाची. भिजलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवायचा. ते पचायला हलकं, अगदी सुरुवातीला बरं. पण फडक्यावर कोंड्याबरोबर खनिजांचाही काही भाग राहतो, म्हणून आठव्या महिन्यानंतरही फक्त सत्त्वावर थांबू नये.

हे सगळं करायला अंगण लागतं, निदान ऊन तरी. फ्लॅटच्या ग्रिलमध्ये फडकं पसरून वाळवलेल्या नाचणीवर पामबीच रस्त्याची धूळ बसते. बऱ्याच जणी गावाहूनच पीठ मागवतात. सातारच्या गाडीने येणाऱ्या पिशवीत तांदूळ, मेतकूट आणि शेंगदाण्यांसोबत ‘बाळाचं’ अशी वेगळी पुरचुंडी असते. महिला बचत गटांची मोडाच्या नाचणीची पिठं आता प्रदर्शनांत आणि सेक्टरांतल्या दुकानांत मिळतात. ती घ्यावीत. घेताना साखर आणि दूध पावडर घातलेली नाही ना, एवढं पाहावं.

नाचणी कितीही गुणी असली तरी लोहासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. तीनांतली दोन! या बाबतीत नवी मुंबईची मूळ गावं सेक्टरांच्या पुढे आहेत, असं मला वाटतं. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली इथली आगरी-कोळी घरं बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून मुशीचं कालवण देतात, आणि पुढे बाळाच्या मऊ भातात काटे काढलेल्या मासळीचं बोट फिरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या आहारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अंडी, मासे, मांस असे पदार्थ रोज द्यावेत आणि भाज्या-फळंही रोज असावीत, असं सांगितलं आहे. शाकाहारी घरांनी डाळी, मोडाची कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या आणि त्यांवर लिंबाचा रस यांचा आधार घ्यावा. लिंबामुळे धान्या-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. चहामुळे ते अडतं. म्हणून चहात बुडवलेलं बिस्किट हा बाळाचा नाश्ता होऊ नये. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध मोफत द्यायची सोय आहे. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे ते मागावं. सेक्टरांतल्या सुशिक्षित घरांना बहुधा त्याची माहितीच नसते.

इथवर ज्यांना रजा मिळते त्यांच्याविषयी बोलले. आता ज्यांना ती मिळत नाही त्यांच्याविषयी.

सकाळी नऊच्या सुमारास तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, दिघा इथल्या वस्त्यांतून बायका सेक्टरांकडे निघतात. धुणी-भांडी, स्वयंपाक, आणि अलीकडे ‘बाळ सांभाळायला’. बाळ सांभाळणारी मावशी दुसऱ्याच्या मुलाला डब्यातली रताळ्याची कुस्करी भरवत असते, तेव्हा तिचं स्वतःचं दहा महिन्यांचं मूल वस्तीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. बहिणीची शाळा बुडते. बाळाच्या हातात पाच रुपयांचं बिस्किटाचं पाकीट असतं, कारण ते शिजवावं लागत नाही, सांडत नाही आणि बाळ गप्प राहतं. या बाईला ना सव्वीस आठवडे ना सव्वीस दिवस. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. त्या रकमेत सहा महिने घरी कसं बसावं? मुंबईला धान्य, भाजी, फळं पुरवणारी घाऊक बाजार समिती याच तुर्भ्यात आहे. डाळिंबाच्या आणि पपईच्या गाड्या जिथे रिकाम्या होतात, तिथून थोड्या अंतरावरच्या घरांत बाळाच्या वाटीत फळ क्वचितच पडतं. ही गोष्ट मला फार लागते. तिला नशिबाचा भाग म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही.

अंगणवाडी याच मुलांसाठी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यात सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरपोच आहार ठरलेला आहे. पोषण अभियानात अन्नप्राशन दिवसही साजरा होतो. सेविका सहा महिन्यांच्या बाळाला ओवाळते, पहिला चमचा भरवते, आईला वाटी-चमच्याचं माप दाखवते. अनेक घरांत झालेलं तेवढं एकच उष्टावण. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस तुटपुंज्या मानधनावर हे काम करतात आणि मनापासून करतात. पण अंगणवाडी दुपारी बंद होते आणि आई संध्याकाळी परतते. घरपोच आहाराचं पाकीट घरी पोचतं, ते शिजवून भरवणारं माणूस घरी नसतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात अवघी ११.३ टक्के निघाली. आणि हे फक्त गरिबांचं दुखणं असतं तर आकडा इतका खाली गेला नसता.

बांधकामांवरचं दृश्य आणखी कठीण आहे. खारघर, तळोजा, उलवे अजून उभी राहताहेत आणि ती उभारणाऱ्या बायका लेकरांना वाळूच्या ढिगाजवळ झोळीत ठेवतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं. ठेकेदाराच्या हजेरीपटावर तेवढ्या बायका सहसा भरत नाहीत. मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून अशा जागांवर पाळणाघरं चालवते आहे, मुंबईत आणि नव्या मुंबईतही. इमारत पुरी झाली की मजूर पुढच्या जागेवर जातात, पाळणाघरही जातं. तिथे बाळांना दिवसातून ठरल्या वेळी गरम जेवण मिळतं, वजन होतं, लस टोचली जाते, आणि कामाच्या मधल्या सुट्टीत आई येऊन अंगावर पाजून जाऊ शकते. मुलाचं पाळणाघर आईच्या कामाच्या जागी असावं, इतका साधा तो विचार. बांधकामावर जे जमतं ते काचेच्या इमारतींत का जमू नये?

खरं तर तिथेही कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन विश्रांतीच्या वेळा कायद्यात जुन्याच आहेत. पण बाळ नेरूळला आणि आई नरिमन पॉइंटला, तर त्या वेळांचं तिने काय करायचं? ती स्वच्छतागृहात उभी राहून दूध काढते. काढलेलं दूध खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये दिवसभर सुरक्षित राहतं. एक स्वच्छ, कडी लागणारी खोली आणि एक लहान फ्रीज असला तर हेच दूध दुसऱ्या दिवशी पाळणाघरात वाटी-चमच्याने देता येतं. बाटलीची गरज नाही. आपल्याकडे बोंडलं होतंच. वर्षभर तरी अंगावरचं दूध हेच बाळाचं मुख्य अन्न असतं आणि दोन वर्षं किंवा पुढेही ते चालू राहावं. वरचं अन्न सुरू झालं म्हणून दूध तोडायचं नसतं.

आई थकलेली, आजी गावी, मावशी नवी. अशा घरात बाजार हलकेच शिरतो. बाळाच्या दुधाच्या आणि दोन वर्षांखालच्या आहाराच्या जाहिरातींवर आपल्याकडे बंदी आहे. १९९२ च्या कायद्याने ती दुधाच्या पर्यायांवर आणली, १ ऑगस्ट १९९३ पासून अंमल सुरू झाला, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती शिशुआहारावरही आली. हा कायदा व्हावा आणि पाळला जावा म्हणून झटणाऱ्यांत मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद आणि त्यांची ‘अकॅश’ ही संस्था पुढे होती. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आपल्या महानगराने या विषयात देशाला वाट दाखवली आहे, याचा अभिमान वाटतो. तरीही डब्यांची आणि पाकिटांची सवय कमी झालेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ आणि ‘इब्फान’ या संस्थांनी एक अहवाल काढला. नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये भारतात एका वेळच्या आहारामागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास साखर घातलेली आढळली. युरोपातल्या काही देशांत विकल्या जाणाऱ्या त्याच प्रकारच्या आहारात ती नव्हती. त्यानंतर कंपनीने साखर न घातलेले प्रकार बाजारात आणत असल्याचं जाहीर केलं. गोड चव बाळाला शिकवावी लागत नाही, ती जन्मतःच आवडते. दुधीची, पडवळाची, मेथीची चव शिकवावी लागते, आणि पहिलं वर्ष हीच त्याची वेळ.

बाजाराहून मोठी भीती मला मोबाईलची वाटते. पडद्यावर गाणं लावलं की बाळाचं तोंड आपोआप उघडतं आणि वाटी दहा मिनिटांत संपते, हे प्रत्येक घराला कळलेलं आहे. पण त्या दहा मिनिटांत बाळ जेवत नसतं, त्याच्या पोटात फक्त अन्न भरलं जात असतं. भूक लागली, पोट भरलं, हे त्याचं त्याला कळायला हवं. तोंड फिरवणं, चमच्याकडे झेपावणं, हाताने दूर सारणं, हे त्याचं बोलणं आहे आणि भरवणाऱ्याने ते पाहायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये असं सांगितलं. हे पाळण्यासाठी पुन्हा माणूसच लागतं. हल्ली काही तरुण आया बाळाच्या पुढे वाफवलेल्या गाजराचे, रताळ्याचे लांब तुकडे ठेवतात आणि त्याला स्वतः खाऊ देतात. लादी घाण होते, आजी हळहळते. मला ते आवडतं. मात्र बाळ आधाराशिवाय बसत असावं, तुकडा बोटांत चिरडण्याइतका मऊ असावा आणि मोठं माणूस समोर बसलेलं असावं.

थोडं धोक्यांविषयी, कारण जानेवारीत संक्रांत आहे. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओततात आणि भोवतालची मुलं ते वेचतात. बाळही वेचतं. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, बोराची बी अडकून श्वास बंद पडू शकतो. बोरन्हाण जरूर करावं, टोपल्यात मऊ गोष्टी असाव्यात आणि सोहळ्यानंतर सतरंजी झटकून घ्यावी. मध वर्षाच्या आत नको. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो. मधाचं बोट चाटवणाऱ्या आजीला हेही प्रेमाने सांगावं. आणि ‘दात येताहेत म्हणून जुलाब’ हे खरं नाही. त्या वयात मूल रांगतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, जुलाब त्याने होतात. जलसंजीवनी आणि जस्त द्यावं, आणि खाणं थांबवू नये. आजारातून उठल्यावर एक जेवण जास्त द्यावं.

या लेखात बाबा फारसे आले नाहीत, याची मला जाणीव आहे. पाहिलेल्या घरांत ते रविवारी भरवताना दिसले, उत्साहाने, फोटो काढत. केंद्र सरकारी नोकरीत पित्याला पंधरा दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. पण रात्रीचा साडेआठचा घास भरवायला रजा लागत नाही. सत्त्व कालवायला लागतं ते शिकण्याचं मन. मुलगा बाप झाला की त्याच्या आईने आणि बायकोने त्याच्या हातात वाटी द्यावी आणि खोलीतून बाहेर जावं.

दिवाळीच्या सुट्टीत हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पन्नासहून जास्त माणसांच्या कचेरीत काम करत असतील. परत गेल्यावर मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा, आपल्याकडे पाळणाघर कुठे आहे? तुमच्या घरी मूल नसलं तरी विचारा, पुरुष असाल तरी विचारा. आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर तिला दुपारी दोन तास घरी जाऊन लेकराला जेवू घालता येईल अशी कामाची वेळ ठरवा, पगार न कापता.